ठिणगी अडली कुठे? पावसाळाभर पडून राहिलेल्या गवतकापणी इंजिनाचा तपास

दसरा-दिवाळीच्या सुमारास डहाणू-तलासरीकडील गॅरेजांत दरवर्षी एक ठराविक गर्दी होते. पाऊस ओसरलेला असतो, वाड्यांत गवत कमरेला लागलेले असते, आणि मे महिन्यात कोपऱ्यात ढकलून दिलेली इंजिने मालकांना एकाएकी आठवतात. घोलवड-बोर्डीच्या चिकूवाडीतून गवत कापण्याचे यंत्र टेम्पोत येते, आशागडहून फवारणीचा पंप मोटारसायकलच्या मागे बांधून येतो, उधव्याकडून पाणी उपसण्याचे इंजिन येते. तक्रार सर्वांची एकच असते : दोरी ओढून ओढून हात दुखला, इंजिन काही सुरू होत नाही.

आणि बऱ्याच ठिकाणी उत्तरही एकच मिळते. "कॉईल गेली."

कारागीर बांधवांशी आज आम्हाला या दोन शब्दांबद्दल बोलायचे आहे. आमच्या अनुभवात पडून राहिलेल्या इंजिनाची कॉईल फार क्वचित मेलेली असते. बहुतेक वेळा करंट तयार होत असतो, पण तो वाटेतच जमिनीला म्हणजे अर्थला मिळतो. किंवा गंज आणि मळ यांनी त्याची वाट धरलेली असते. कॉईल बदलणे सोपे, कारण ती दुकानात मिळते. वाट शोधणे कठीण, कारण त्याला अर्धा तास डोके शांत ठेवावे लागते.

गवत हा या भागाचा जुना धंदा. येथले सुके गवत पूर्वी मुंबईच्या तबेल्यांसाठी जात असे. 1945 साली वारली मजुरांचा जो लढा झाला त्यात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न मोठा होता. तेव्हा सारी कापणी विळ्याने. डोंगराकडे आजही विळाच चालतो. परंतु चिकूच्या वाड्या, शाळांची मैदाने, समुद्रकिनाऱ्याचे बंगले आणि रिसॉर्ट यांत आता खांद्याला अडकवायचे, हाताने ढकलायचे आणि क्वचित बसून चालवायचे यंत्रही दिसते. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि मोठ्या कारखान्यांवर मर्यादा आल्या. आपली मुले कामासाठी उंबरगाव, वापीची गाडी पकडतात. घरी राहून, थोड्या भांडवलात करता येईल अशा कामांत छोट्या इंजिनांची दुरुस्ती हे एक चांगले काम आहे. पण ते टिकते ते भरवशावर. एकदा का गिऱ्हाईकाने नवी कॉईल घेतली आणि इंजिन तसेच मुके राहिले, की ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी वापीला जाते आणि चार जणांना सोबत नेते.

हे आम्ही वरून सांगत नाही. आमच्याच हातून एकदा असे झाले आहे. झरीकडील एक शेतकरी पाण्याचे इंजिन घेऊन आला होता. प्लगला करंट नव्हता. घाईचे दिवस होते, आम्ही प्लग बदलून पाहिला, करंट आला नाही, म्हणून कॉईल बदलली. गॅरेजमध्ये इंजिन सुरू झाले, पैसे घेतले, त्याला वाटेला लावले. तिसऱ्या दिवशी तो परत आला. शेतावर इंजिन पुन्हा मुके. सोबत जाऊन पाहिले तर इंजिन बांधाच्या उतारावर ठेवलेले आणि आत तेल कमी. होंडाच्या जातीच्या कित्येक इंजिनांत तेल कमी झाले की करंट तोडणारा एक स्विच असतो. तेल कमी होते, त्यात इंजिन तिरके, म्हणून तो स्विच कॉईलला अर्थ देत होता. गॅरेजची फरशी सपाट, तेथे तो सुटत होता. जुनी कॉईल धडधाकट होती. त्याची दोन दिवसांची पाणीपाळी बुडाली होती आणि भाजीची रोपे माना टाकून होती. कॉईलचे पैसे आम्ही परत दिले, पण पाणीपाळी कोण परत देणार?

करंट येतो कुठून

ज्यांचा हात मोटारसायकल किंवा रिक्षावर बसला आहे त्यांची पहिली चूक इथे होते. ते बॅटरीकडे पाहतात. गवतकापणीच्या या छोट्या इंजिनांत ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. बसून चालवायच्या यंत्रात बॅटरी असते, पण ती फक्त स्टार्टर फिरवण्यासाठी. ठिणगी मॅग्नेटोची.

फ्लायव्हीलच्या कडेला लोहचुंबक बसवलेले असते. चाक फिरताना ते चुंबक कॉईलच्या लोखंडी पायांजवळून जाते. कॉईलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची थोड्या वेढ्यांची आणि दुसरी केसासारख्या तारेची हजारो वेढ्यांची. चुंबक जवळून गेले की जाड गुंडाळीत करंट वाहू लागतो. तो नेमक्या क्षणी एकदम तोडला की बारीक गुंडाळीत दहा हजार व्होल्टच्या वर दाब उठतो आणि प्लगच्या टोकाला ठिणगी उडते. तोडण्याचे हे काम जुन्या इंजिनांत फ्लायव्हीलखालचे पॉईंट करीत. अमेरिकेच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने 1982 पासून पॉईंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक कॉईल बसवायला सुरुवात केली. होंडाच्या आजच्या इंजिनांतही पॉईंट नाहीत.

आता इंजिन बंद कसे होते ते पाहा, कारण सगळी गोम तेथे आहे. मोटारगाडीत चावी बंद केली की कॉईलचा पुरवठा तुटतो. इथे उलट आहे. कॉईलवरून एक बारीक वायर निघते. तिला आपल्याकडे स्टॉप वायर म्हणतात. स्विच बंद केला की ही वायर इंजिनाच्या अंगाला म्हणजे अर्थला जोडली जाते, जाड गुंडाळीचा करंट तिथेच जिरतो आणि ठिणगी मरते. म्हणजे स्टॉप वायर तुटली तर इंजिन बंद होणार नाही, आणि ती कुठेही बॉडीला टेकली तर इंजिन कधीच सुरू होणार नाही. नव्या शागीर्दाला आम्ही पहिल्या दिवशी हे एवढेच घोकायला लावतो.

बोर्डीकडील एक यंत्र

गेल्या काही वर्षांत हाताळलेल्या कामांपैकी एक सविस्तर सांगतो. बोर्डीकडील एका बंगल्यावर बसून चालवायचे गवतकापणी यंत्र होते. मालक मुंबईला राहणारे, वाडी एक वारली काका सांभाळीत. यंत्र दोन पावसाळे ताडपत्रीखाली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या आधी कोणी येऊन नवी कॉईल बसवून गेले होते. तरीही करंट नव्हता. आम्ही जुम्म्याची नमाज आटोपून गेलो तेव्हा काका म्हणाले, "मिस्त्री, शेठ आता भंगारात घाला म्हणतात. तुम्ही शेवटचे बघा."

अशा वेळी पाना हातात घेण्याआधी नुसते पाहावे. आम्ही सीट उचलली, बॉनेट उघडले. उंदरांनी पंख्याच्या झाकणात सुक्या गवताचे घर केले होते. इंजिनाच्या पाकळ्यांत कुंभारीण माशीची मातीची घरटी होती. ही घाण ठिणगी मारत नाही, पण तशीच ठेवून इंजिन सुरू केले तर वारा अडून हेड तापते आणि त्याचे खापर पुन्हा दुरुस्तीवर फुटते. सगळे साफ केले. तेल पाहिले, पातळी बरोबर होती. बॅटरी चार्ज करून आणली होती ती जोडली. हा मुद्दा लहान वाटेल, पण इलेक्ट्रॉनिक कॉईलला ठिणगीसाठी फ्लायव्हील पुरेशा वेगाने फिरावे लागते. बॅटरी अर्धमेली असेल तर स्टार्टर रडतरडत फिरतो, ठिणगी पडत नाही, आणि धडधाकट कॉईल आरोपी ठरते. दोरीच्या यंत्रातही हळू ओढणाऱ्याला करंट दिसत नाही. प्लग काढून ठेवला की इंजिन हलके फिरते, म्हणून तपास तसाच करावा.

पेट्रोलचा कॉक बंद केला. जुना प्लग काढला. काजळी होती, ओला नव्हता. खिशातला खात्रीचा प्लग टोपीत घातला, त्याचे अंग हेडच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकवले आणि काकांना चावी फिरवायला सांगितली. ठिणगी नाही.

येथे एक सावधगिरी. प्लग काढलेल्या भोकातून इंजिन फिरताना पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगीची परीक्षा त्या भोकाशेजारी घेऊ नये. भोकात कापडाचा बोळा ठेवावा आणि प्लग शक्य तितका दूर टेकवावा. आमच्या एका शागीर्दाच्या भुवया या चुकीने जळाल्या, डोळे अल्लाहच्या मेहेरबानीने वाचले. बाजारात ठिणगी पाहण्याचे छोटे टेस्टर मिळतात, काच असलेले किंवा फट कमी-जास्त करता येणारे. ते घेतलेलेच बरे. उघड्या हवेत प्लगच्या फटीतून उडालेली अशक्त पिवळी ठिणगीही नवशिक्याला पुरेशी वाटते. पण सिलिंडरमध्ये दाब असतो, तेथे ती मरते. टेस्टरची फट मोठी ठेवून निळी, कडकडणारी ठिणगी आली तरच ती खरी धरावी.

मग आम्ही पंख्याचे झाकण काढले आणि कॉईलवरची स्टॉप वायर उपटून बाजूला केली. बाकी कशालाही हात लावला नाही. पुन्हा चावी फिरवली. टेस्टरमध्ये निळी ठिणगी उडाली.

या एका कृतीने अर्धे इंजिन निर्दोष ठरते. फ्लायव्हील, चुंबक, कॉईल, टोपी, सगळे. दोष उरतो तो त्या बारीक वायरच्या पलीकडे. आधीच्या माणसाने ही वायर एकदा उपटून पाहिली असती तर कॉईलचा खर्च वाचला असता.

वायरच्या पलीकडे

खांद्यावरच्या यंत्रात पलीकडे फक्त एक बटण असते. तेथे घामाने आणि पावसाने गंजलेले बटण हाच बहुधा गुन्हेगार. बसून चालवायच्या यंत्रात मात्र स्टॉप वायर चार दारांतून जाते : चावीचा स्विच, सीटखालचा स्विच, ब्रेकच्या पायाचा स्विच आणि पाते जोडण्याचा स्विच. चालक सीटवरून उठला आणि पाते चालू असेल तर सीटचा स्विच कॉईलला अर्थ देतो आणि इंजिन थांबते. माणूस पडला तर पाते त्याच्यावर फिरू नये म्हणून ही योजना.

तपास असा केला. मल्टीमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवला. एक टोक उपटलेल्या स्टॉप वायरच्या स्विचकडील भागाला, दुसरे बॉडीच्या खरडलेल्या लोखंडाला. चावी चालू स्थितीत, पाते सुटे, ब्रेक दाबलेला, काका सीटवर. या स्थितीत मीटर गप्प राहिला पाहिजे. तो वाजत होता, म्हणजे कुठेतरी वायर अर्थला मिळाली होती. मग एकेक जोड सोडत गेलो. चावीमागचा जोड सोडला, आवाज चालूच. पात्याच्या स्विचचा सोडला, चालूच. सीटखालचा सोडला आणि मीटर गप्प झाला. सीट उलटी केली तर उंदरांनी वायरचे प्लास्टिक बोटभर खाल्लेले आणि उघडे तांबे सीटच्या स्प्रिंगला टेकलेले. वीतभर वायर, दोन सांधे, त्यावर आवरणाची नळी, एवढ्यात काम झाले.

दोन इशारे या जागी द्यायचे आहेत. पहिला असा की स्टॉप वायरला बॅटरीचे 12 व्होल्ट कधीही लावू नयेत, बॅटरीवरच्या टेस्ट लॅम्पनेही तिला चाचपू नये. इलेक्ट्रॉनिक कॉईलमधला ट्रान्झिस्टर क्षणात जळतो, आणि मग खरोखरच कॉईल जाते. तपासणी करताना स्वतःच कॉईल मारून "कॉईल गेली" सांगणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांना स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो.

दुसरा इशारा अधिक गंभीर. सीटच्या स्विचमध्ये दोष सापडला की तो स्विच कायमचा बाजूला सारण्याचा मोह होतो. दोन वायरी तोडल्या किंवा जोडल्या, इंजिन सुरू, गिऱ्हाईक खूष. पण त्या दिवसापासून यंत्रावरून पडलेल्या माणसासाठी पाते थांबणार नाही. यंत्र चालवतो तो मालक नव्हे, रोजंदारीवरचा माणूस. यंत्र आपल्याकडे दुरुस्तीला येते तेव्हा ती अमानत असते आणि तिच्यात तो माणूसही येतो. स्विच मिळत नसेल तर मागवावा, चार दिवस यंत्र उभे राहू द्यावे. तपासापुरती वायर काढली असेल तर ती परत जोडल्याशिवाय यंत्र गॅरेजबाहेर जाऊ नये.

नव्या कॉईलचे घासणे

बोर्डीचे काम इथे संपले असते, पण इंजिन सुरू झाले तेव्हा पंख्याच्या झाकणाखालून बारीक करकर ऐकू आली. झाकण पुन्हा काढले. फ्लायव्हीलवर एक चकचकीत रेघ उमटली होती. कॉईल बसवणाऱ्याने ती चाकाला टेकवूनच आवळली होती.

कॉईलचे पाय आणि फ्लायव्हील यांमधली फट हे या कामातले सर्वात नाजूक माप आहे. ब्रिग्जच्या पुष्कळ इंजिनांत ती सुमारे 0.25 ते 0.35 मिलिमीटर असते, होंडाच्या जीएक्स जातीत 0.4 च्या आसपास. ज्या इंजिनाचे पुस्तक मिळेल त्यातले माप पाळावे. फट जास्त झाली की ठिणगी अशक्त, कमी झाली की घासून कॉईल जाते. लोखंडी फिलर गेज चुंबकाला चिकटतो म्हणून पितळी पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याचे व्हिजिटिंग कार्ड वापरतात. चुंबक कॉईलपासून दूर फिरवावे, दोन बोल्ट ढिले करून कॉईल वर सरकवावी, मध्ये कार्ड घालावे आणि चुंबक कॉईलखाली आणावे. चुंबक कॉईलला स्वतःच ओढून कार्डावर बसवते. बोल्ट आवळावेत, चाक फिरवून कार्ड काढून घ्यावे. घासते का ते हाताने दोन फेरे देऊन पाहावे.

त्याआधी गंज. आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत चुंबकाच्या तोंडावर आणि कॉईलच्या पायांवर तांबडा थर चढतो. त्या थराने फट बिघडते. बारीक पॉलिश पेपरने तो हलक्या हाताने काढावा, भुकटी कापडाने पुसावी आणि मगच फट लावावी. पायांच्या बोल्टखालचा गंजही काढावा, कारण कॉईलचा अर्थ तेथूनच मिळतो. टोपीच्या आतली स्प्रिंग हिरवी पडलेली असते. ती खरडून साफ होत नसेल तर टोपी बदलावी, हा खर्च किरकोळ आहे.

स्टॉप वायर काढूनही ठिणगी आली नाही, गंज काढला, फट लावली, टोपी पाहिली आणि तरीही काही नाही, तेव्हा कुठे कॉईलवर बोट ठेवण्याचा हक्क येतो. टोपीपासून कॉईलच्या लोखंडापर्यंत मीटर लावला की बारीक गुंडाळीचा काही हजार ओहम आकडा यायला हवा. मीटरने काहीच दाखवले नाही तर तार आत तुटली आहे. जाड गुंडाळीचा आकडा इलेक्ट्रॉनिक कॉईलमध्ये फसवा असतो, त्यावर निर्णय देऊ नये. आणखी एक प्रकार आहे जो मीटरला सापडत नाही. थंड असताना इंजिन झकास चालते, पंधरा-वीस मिनिटांनी मरते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. अशा वेळी इंजिन मरताक्षणी, गरम असतानाच ठिणगी पाहावी. तेव्हा ती नसेल आणि स्टॉप वायर काढूनही येत नसेल तर कॉईल खरोखर गेली आहे.

पॉईंटची जुनी इंजिने

व्हिलियर्स जातीची जुनी इंजिने अजून काही वाड्यांत आहेत आणि ती सांभाळणारे म्हातारे मालक त्यांच्यावर फार जीव लावतात. यांच्यात पॉईंट फ्लायव्हीलखाली असतात. चार महिने पडून राहिल्यावर पॉईंटच्या दोन तोंडांवर करडा, काचेसारखा थर येतो आणि करंट अडतो. एवढाच दोष असेल तर कोरा जाड कागद पॉईंटमधून दोन-तीनदा ओढला तरी इंजिन बोलू लागते. पॉईंट जळून निळे पडत असतील आणि ठिणगी पिवळी असेल तर कंडेन्सर बदलावा. पॉईंट नवे घालून जुना कंडेन्सर ठेवण्यात अर्थ नाही. पॉईंटची फट इंजिनागणिक वेगळी असते. ब्रिग्जच्या जुन्या इंजिनांत ती अर्धा मिलिमीटर. फिलर गेजला लागलेले तेल पॉईंटवर राहिले तर नवी फट लावूनही करंट येत नाही, म्हणून शेवटी कोरड्या कापडाने पुसून घ्यावे.

फ्लायव्हील काढण्यासाठी पुलर वापरावा. हातोडीने ठोकल्याने क्रँकचे आटे बसतात आणि चुंबकाला तडा जातो. आमच्या उस्तादांकडे पुलर नव्हता, ते लाकडाचा ठोकळा ठेवून मारीत. ते जमवीत असत हे खरे, पण जे बिघडले ते आम्हीही पाहिले आहे.

ठिणगी आहे पण इंजिन लाथ मारते

ठिणगी निळी, पेट्रोल ताजे, तरीही दोरी हाताला हिसका देते किंवा कार्बोरेटरमधून फट्ट आवाज येतो. अशा वेळी विचारावे, पाते दगडाला किंवा खुंटाला लागले होते का? गवतात लपलेला चिकूचा खुंट किंवा कुंपणाचा दगड पात्याला एकदम अडवतो आणि फ्लायव्हील क्रँकवर किंचित फिरते. दोघांमध्ये एक छोटी चावी असते, ती कापली जाते. ठिणगी पडते पण चुकीच्या वेळी. नट काढून वरून पाहिले तर क्रँकची खाच आणि चाकाची खाच समोरासमोर दिसत नाहीत. पुष्कळ गवतकापणी यंत्रांत ही चावी मुद्दाम नरम धातूची केलेली असते. तिच्या जागी खिळा घासून बसवू नये. पुढच्या धडकेत चावी कापली जाणार नाही आणि धक्का क्रँकला जाईल. तो खर्च मालकाला भारी पडेल.

प्लगबद्दल थोडे. पडून राहिलेल्या इंजिनात तो नवा घालावा, पण योग्य नंबरचा. स्कूटरचा लांब आट्यांचा प्लग "बसतो" म्हणून घातला आणि पिस्टनला टेकला, असे एक हेड आमच्या कपाटात जपून ठेवले आहे. होंडाच्या जीएक्स इंजिनात प्लगची फट 0.7 ते 0.8 मिलिमीटर. वाळूच्या यंत्राने प्लग साफ करू नये, अडकलेले कण सिलिंडरमध्ये उतरतात.

ठिणगी पक्की झाल्यावरच पेट्रोलकडे वळावे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढते आणि पावसाळाभरात कार्बोरेटरच्या वाटीत पांढरा चिकट थर बसवते. टाकी रिकामी करून नवे पेट्रोल घालावे. तो विषय वेगळा आहे, पुन्हा कधी लिहू.

पैसे कशाचे घ्यावेत

बोर्डीच्या कामात सामान लागले वीतभर वायरचे. तिचे किती पैसे मागणार? इथेच आपले कारागीर गडबडतात. शोधण्याचे पैसे मागायला लाज वाटते, म्हणून काहीतरी सामान विकावे लागते आणि त्यात ते पैसे वळवावे लागतात. कॉईलची विक्री बऱ्याचदा अशा लाजेतून होते, लबाडीतून नव्हे. पण गिऱ्हाईकाच्या खिशाला दोन्ही सारखेच. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना जो इशारा आहे, तो फक्त धान्याच्या दुकानदारासाठी आहे असे समजण्याचे कारण नाही. गिऱ्हाईकाला न लागणारी वस्तू विकणे हेही मापात मारणेच.

आम्ही आता यंत्र उतरवण्याआधीच सांगतो की तपासणीचे इतके, सामान लागले तर त्याचे वेगळे, आणि काढलेला जुना भाग तुमच्या हातात. चिठ्ठीवर लिहून देतो. सुरुवातीला दोन-चार जण परत गेले. शेठ लोक घासाघीस करतात, पाड्यावरचे गिऱ्हाईक मात्र हे लवकर समजते, कारण त्याला दिवसाची मजुरी म्हणजे काय ते ठाऊक असते. बोर्डीच्या मालकांनी फोनवर विचारले, "वायरच्या तुकड्याचे एवढे?" आम्ही म्हटले, वायरचे काही नाही, शोधण्याचे आहेत. आणि आधीची कॉईल चांगली आहे, ती काकांकडे पुडीत बांधून दिली आहे, पुढे उपयोगी पडेल. पैसे आले. त्याच रस्त्यावरच्या आणखी दोन वाड्यांची कामेही नंतर आली.

निघण्यापूर्वी एक परीक्षा केली. काकांना सीटवर बसवून सपाट जागी इंजिन आणि पाते चालू केले, गियर सुटा ठेवला, आणि त्यांना सीटवरून किंचित उठायला सांगितले. इंजिन लगेच थांबले. काका दचकले. म्हणाले, "पुन्हा बिघडले की काय?" त्यांना समजावून सांगितले की हे असेच व्हायला पाहिजे, आणि ज्या दिवशी उठल्यावर थांबणार नाही त्या दिवशी यंत्र चालवायचे नाही, आम्हाला बोलवायचे.

मे अखेरीस यंत्र ठेवताना काय करायचे तेही त्यांना सांगून आलो. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायचे. प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन तेल टाकायचे, दोन-चार फेरे देऊन प्लग परत लावायचा. बॅटरी काढून घरात ठेवायची आणि महिन्यातून एकदा चार्ज करायची. यंत्र मातीवर न ठेवता फळ्यांवर चढवायचे. ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट गुंडाळायची नाही, खालून वारा खेळू द्यायचा, नाहीतर आतली दमट हवा आतच राहते आणि गंज लवकर चढतो. आणि सीटखाली व पंख्याच्या झाकणात गवत अडकले असेल तर ते झाडून काढायचे, म्हणजे उंदरांना तयार घर मिळणार नाही.